पायथनमधील इंडेंटेशन एरर : लक्षणे, तपासणीचा क्रम आणि कुठे थांबावे

पायथनचा प्रोग्राम चालवायला घ्यावा आणि त्यातली एकही ओळ न चालता इंटरप्रिटरने (कोड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामने) ओळींच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागेबद्दल, म्हणजेच इंडेंटेशनबद्दल, तक्रार करून थांबावे, हा अनुभव नवख्यांना वारंवार येतो आणि जुन्याजाणत्यांनाही अधूनमधून येतोच. इतरांच्या अशा फाइली सतत दुरुस्त करताना एक गोष्ट स्पष्ट दिसते : दोष बहुतेक वेळा ठरावीक ठिकाणीच असतो, पण शोधाची सुरुवात मात्र अवघड टोकाकडून केली जाते. कोणी सगळी फाइल एका फटक्यात रूपांतरित करतो, कोणी पायथन काढून पुन्हा बसवतो, तर कोणी संदेश नाहीसा होईपर्यंत ओळी डावी-उजवीकडे सरकवत राहतो. यातला शेवटचा उपाय सर्वांत घातक आहे, कारण संदेश जाणे आणि दोष जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून खालील तपासण्या सोप्या आणि बिनखर्चाच्या पायरीपासून अवघड पायरीकडे जाणाऱ्या क्रमाने दिल्या आहेत आणि तो क्रम मोडू नये.

लक्षणे

पहिले लक्षण म्हणजे ‘इंडेंटेशनएरर : एक्स्पेक्टेड ॲन इंडेंटेड ब्लॉक’ हा संदेश. कोलनने संपणाऱ्या ओळीनंतर आत सरकवलेली निदान एक ओळ असायला हवी होती आणि ती मिळाली नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो. दुसरे लक्षण ‘अनएक्स्पेक्टेड इंडेंट’ : आत सरकण्याचे काही कारण नसताना एखादी ओळ आत सरकली आहे. तिसरे ‘अनइंडेंट डझ नॉट मॅच एनी आउटर इंडेंटेशन लेव्हल’ : ओळ बाहेर तर आली आहे, पण बाहेरच्या कोणत्याच पातळीशी ती जुळत नाही. चौथे ‘टॅबएरर : इनकन्सिस्टंट यूज ऑफ टॅब्ज अँड स्पेसेस इन इंडेंटेशन’, म्हणजे टॅब आणि स्पेस यांची अशी सरमिसळ की ओळ नेमकी किती आत आहे हे निश्चित ठरवता येत नाही.

पाचव्या लक्षणात कोणताही इंडेंटेशनचा संदेश येत नाही. प्रोग्राम चालतो, पण उत्तर चुकते, लूप एकाच फेरीत संपते, किंवा वर्गात (क्लासमध्ये) लिहिलेली मेथड ‘सापडत नाही’ अशी भलतीच तक्रार येते. हा प्रकार वरच्या चारांपेक्षा अधिक त्रासाचा असल्यामुळे त्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

पहिल्या चार लक्षणांत दोन गोष्टी समान असतात. पायथन फाइल चालवण्यापूर्वी ती पूर्ण वाचून तिची रचना तपासतो, त्यामुळे दोष हजाराव्या ओळीत असला तरी पहिल्या ओळीतले प्रिंटसुद्धा पडद्यावर येत नाही. प्रोग्राम काही काम करून मग थांबला असेल, तर दोष मुख्य फाइलीत नसून तिने मध्येच इम्पोर्ट केलेल्या दुसऱ्या फाइलीत आहे, किंवा तो इंडेंटेशनचा दोषच नाही. दुसरे असे की वाचन पहिल्या दोषापाशीच थांबते. एक जागा दुरुस्त केल्यावर तीच तक्रार वेगळ्या ओळ-क्रमांकासह आली, तर दुरुस्ती फसली असे समजू नये. बहुधा पुढचा दोष आता दिसू लागलेला असतो.

पायथन नेमके काय मोजतो

तपासणीपूर्वी हे दोन मिनिटांत समजून घेतले, तर चारही संदेश आपोआप उलगडतात. इंटरप्रिटर प्रत्येक ओळीच्या सुरुवातीची जागा मोजून ते आकडे एका रचीत (स्टॅकमध्ये) ठेवतो. रचीच्या तळाशी 0 असतो. ओळ आधीपेक्षा जास्त आत असेल, तर नवा आकडा रचीवर चढतो आणि नवा ब्लॉक, म्हणजे एकत्र मोडणाऱ्या ओळींचा गट, सुरू होतो. ओळ कमी आत असेल, तर तेवढाच आकडा सापडेपर्यंत वरचे आकडे काढले जातात आणि एकेक ब्लॉक बंद होत जातो. रचीत 0, 4 आणि 8 असताना 4 स्पेसची ओळ आली, तर एक ब्लॉक बंद होतो. पण 6 स्पेसची ओळ आली, तर 6 हा आकडा रचीत कुठेच नसल्याने वर दिलेला तिसरा संदेश येतो.

यावरून हेही कळते की 4 हा आकडा भाषेच्या नियमातला नाही. पायथनच्या लेखनशैलीची पेप 8 ही मार्गदर्शिका 4 स्पेस सुचवते आणि सगळे जग ते पाळते, परंतु इंटरप्रिटरला फक्त एका ब्लॉकमधल्या ओळी परस्परांशी जुळायला हव्या असतात. एक फंक्शन 2 स्पेसचे आणि दुसरे 4 स्पेसचे असले, तरी फाइल बिनतक्रार चालते. रिकाम्या ओळी आणि केवळ टिप्पणी (कॉमेंट) असलेल्या ओळी या मोजणीत धरल्याच जात नाहीत, आणि कोणताही कंस उघडा असेपर्यंत पुढच्या ओळी कितीही आत-बाहेर असल्या तरी चालतात. हे शेवटचे वाक्य लक्षात ठेवावे, पुढे ते कामाला येते.

पहिली तपासणी : संदेश पूर्ण वाचणे

यात खर्च काहीच नाही, तरीही हीच पायरी सर्वांत जास्त वेळा टाळली जाते. संदेशात फाइलचे नाव, ओळीचा क्रमांक आणि ती ओळ अशा तीन गोष्टी असतात. आधी फाइलचे नाव पाहावे. आपण संपादित करत असलेली फाइल आणि पायथन वाचत असलेली फाइल वेगवेगळ्या असणे, किंवा बदल केल्यावर फाइल जतनच न केलेली असणे, या दोन गोष्टींमुळे वाया गेलेला वेळ बाकी सगळ्या कारणांपेक्षा कमी नसतो. नाव जर ‘साइट-पॅकेजेस’ या फोल्डरमधल्या फाइलीचे असेल, तर तिथे हात लावू नये. ती कोणत्यातरी पॅकेजची फाइल आहे. ती बिघडली असेल तर ते पॅकेज पुन्हा बसवावे, आणि ती जुन्या पायथनसाठी लिहिलेली असेल तर त्या पॅकेजची योग्य आवृत्ती शोधावी.

मग पायथनची आवृत्ती पाहावी. ऑक्टोबर 2021 मध्ये आलेल्या 3.10 पासून हे संदेश बरेच सुधारले आहेत. ‘इफ स्टेटमेंटनंतर, अमुक ओळीवर’ असा नेमका उल्लेख आता येतो, कोलन राहिला असेल तर ‘कोलन हवा होता’ असे स्पष्ट सांगितले जाते, आणि न मिटलेला कंस त्याच्या मूळ जागी दाखवला जातो. त्याआधीच्या आवृत्त्या अशा वेळी बोट पुढच्याच ओळीकडे दाखवून ‘इनव्हॅलिड सिंटॅक्स’ एवढेच म्हणत. जुन्या आवृत्तीवर काम करणे भाग असेल, तर तीच फाइल नव्या पायथनने केवळ तपासून घेतली, तरी पुष्कळदा दोषाची जागा एका झटक्यात कळते.

दुसरी तपासणी : दाखवलेली ओळ नव्हे, तिच्या वरची ओळ

इंटरप्रिटर ज्या ओळीवर अडतो ती ओळ दाखवतो. चूक मात्र अनेकदा तिच्या आधी झालेली असते. म्हणून त्या ओळीपासून वर जात जावे आणि मोकळ्या नसलेल्या पहिल्या दोन-तीन ओळी नीट वाचाव्यात.

‘एक्स्पेक्टेड’चा संदेश असेल, तर इफ, फॉर, व्हाइल, डेफ, क्लास यांपैकी कशाचा तरी आतला भाग रिकामा राहिलेला असतो. याचे नेहमीचे कारण असे की तात्पुरती बंद करायची म्हणून आतल्या सगळ्या ओळींना टिप्पणी केलेले असते. टिप्पणी ओळ म्हणून धरली जात नाही, त्यामुळे पायथनच्या दृष्टीने ब्लॉक रिकामा होतो. तिथे ‘पास’ एवढे लिहिले की काम भागते. फंक्शनच्या सुरुवातीला लिहिलेली डॉकस्ट्रिंग (अवतरणचिन्हांतले वर्णन) मात्र खरी ओळ मानली जाते, म्हणून केवळ डॉकस्ट्रिंग असलेले फंक्शन चालते आणि केवळ टिप्पणी असलेले चालत नाही. हा फरक कळला नाही, तर समोरासमोर ठेवलेल्या दोन सारख्या दिसणाऱ्या फंक्शनांपैकी एकच का अडते, हे कोडे सुटत नाही.

‘अनएक्स्पेक्टेड इंडेंट’ बहुधा याच्या उलट कृतीतून येतो : आतल्या ओळी तशाच ठेवून वरच्या इफलाच टिप्पणी केलेले असते. अशा ओळी मग कोणाच्याच आत नसूनही आत सरकलेल्या उरतात. संदेश पहिल्याच ओळीवर आला असेल, तर कुठल्यातरी फंक्शनच्या आतला तुकडा जसाच्या तसा उचलून आणला आहे. तो सगळा निवडून शिफ्ट आणि टॅब एकत्र दाबून डावीकडे न्यावा. ट्राय लिहून त्याचा एक्सेप्ट किंवा फायनली लिहायचा राहिला असेल, तर नव्या आवृत्त्या तसे नेमके सांगतात, पण जुन्या आवृत्त्यांत ती तक्रार इंडेंटेशनची किंवा व्याकरणाची वाटते.

तिसरी तपासणी : कोड कुठे चिकटवला होता

हीच ओळ फाइलीत चालते आणि पायथनच्या परस्परसंवादी खिडकीत अडते, अशी तक्रार असेल तर फाइलीत काही शोधू नये. त्या खिडकीत रिकामी ओळ म्हणजे ब्लॉकची समाप्ती असते. फंक्शनमध्ये वाचायला बरे वाटावे म्हणून मध्ये एक रिकामी ओळ सोडली असेल, तर चिकटवताना फंक्शन तिथेच संपते आणि पुढच्या ओळीवर ‘अनएक्स्पेक्टेड इंडेंट’ येतो. ऑक्टोबर 2024 मध्ये आलेल्या 3.13 मधली नवी खिडकी चिकटवलेला मजकूर एकसंध घेते, त्यामुळे तिथे हा त्रास बराच कमी झाला आहे. जुन्या आवृत्तीत कोड फाइलीत जतन करून चालवणे हाच सरळ मार्ग आहे.

चौथी तपासणी : मोकळी जागा डोळ्यांना दिसेल अशी करणे

येथपर्यंत दोष सापडला नाही, तर कारण बहुधा न दिसणाऱ्या अक्षरांत आहे. ओळी पडद्यावर सरळ रेषेत दिसतात म्हणून त्या जुळलेल्या आहेत असे मानणे, हीच या समस्येतली मूळ गफलत असते. एक ओळ 4 स्पेसनी सुरू होते, दुसरी एका टॅबने सुरू होते. एडिटरमध्ये टॅबची रुंदी 4 ठेवलेली असेल, तर दोन्ही तंतोतंत एकाखाली एक दिसतात. पायथन मात्र टॅब आल्यावर मोजणी 8 च्या पुढच्या पटीपर्यंत नेतो. शिवाय पायथन 3 दुसरी मोजणीही करतो, जिच्यात टॅबला एकाच स्पेसएवढे मानले जाते, आणि या दोन मोजण्यांनी दोन ओळींचे नाते वेगवेगळे ठरवले की टॅबएरर देतो. वरच्या उदाहरणात पहिल्या मोजणीने टॅबची ओळ 8 वर, म्हणजे आत जाते, आणि दुसऱ्या मोजणीने ती 1 वर, म्हणजे बाहेर येते. इंटरप्रिटर अंदाज बांधायचे नाकारतो, आणि ते योग्यच आहे.

व्हिज्युअल स्टुडिओ कोडमध्ये ‘रेंडर व्हाइटस्पेस’ चालू केले की स्पेसच्या जागी ठिपके आणि टॅबच्या जागी बाण दिसू लागतात. नोटपॅड प्लस प्लसमध्ये ‘शो सिंबॉल’ या उपसूचीत अशीच सोय आहे, विममध्ये ‘सेट लिस्ट’ दिल्यावर टॅब वेगळा उठून दिसतो. दोष दाखवलेली ओळ आणि तिच्या ब्लॉकमधल्या वरच्या ओळी यांची खूण सारखी आहे का, एवढेच पाहायचे. एक-दोन ओळीच वेगळ्या असतील, तर त्यांची सुरुवातीची जागा पूर्ण पुसून स्पेसबारने पुन्हा भरावी आणि तिथेच थांबावे. दोन ओळींसाठी सगळी फाइल रूपांतरित करण्याची गरज नसते.

व्हिज्युअल स्टुडिओ कोडबद्दल एक जोड द्यायला हवी. हा एडिटर फाइल उघडताना तिच्यातला मजकूर पाहून टॅब की स्पेस हे स्वतः ठरवतो, आणि आपण सेटिंगमध्ये स्पेस निवडलेले असले तरी त्या फाइलीपुरता स्वतःचा अंदाज वरचढ मानतो. ‘मी तर स्पेसच निवडले आहे’ असे सांगणाऱ्यांच्या फाइलीत टॅब सापडतात, ते बऱ्याचदा यामुळे. खालच्या पट्टीत उजवीकडे त्या फाइलीपुरती निवड लिहिलेली असते, ती वाचावी.

ठिपका नाही आणि बाणही नाही, अशी जागा दिसली तर ते तिसरेच अक्षर आहे. वेबपानांवरून, वर्ड प्रोसेसरमधून किंवा पीडीएफमधून उचललेल्या कोडमध्ये न तुटणारी स्पेस येते. तिचा युनिकोड क्रमांक यू+00ए0 आहे. नवा पायथन तिला ‘इनव्हॅलिड नॉन-प्रिंटेबल कॅरेक्टर’ म्हणून क्रमांकासह नाकारतो. संदेशात इंडेंटेशन हा शब्द नसला तरी उपाय इंडेंटेशनचाच आहे. ते अक्षर एकदा कॉपी करून ‘शोधा आणि बदला’च्या चौकटीत टाकावे आणि सगळीकडे साधी स्पेस घालावी.

पाचवी तपासणी : सोबत आलेली साधने

पायथनच्या प्रमाण संचात टॅबनॅनी नावाचे छोटे मॉड्यूल असते. टिम पीटर्स यांनी लिहिलेले हे साधन संदिग्ध इंडेंटेशन शोधण्याचे एकच काम करते. ‘पायथन’, मग ‘उणे एम’, मग ‘टॅबनॅनी’ आणि शेवटी फाइलचे नाव अशी आज्ञा दिली, की पहिली संदिग्ध ओळ क्रमांकासह मिळते. फोल्डरचे नाव दिले, तर आतल्या सगळ्या पायथन फाइली तपासल्या जातात. काहीच छापले गेले नाही, तर संदिग्ध सरमिसळ नाही असे समजावे. टॅबनॅनीच्या जागी ‘पाय कंपाइल’ (दोन शब्दांमध्ये अंडरस्कोर) लिहिले, तर फाइल न चालवता तिची पूर्ण रचना तपासली जाते. चालवल्याबरोबर ईमेल पाठवणारी किंवा डेटाबेसमध्ये नोंदी करणारी फाइल असेल, तर ही सोय मोलाची ठरते, कारण दुरुस्ती झाली की नाही हे पाहण्यासाठी ती फाइल खरोखर चालवण्याचा धोका पत्करावा लागत नाही.

ब्लॅकसारखे फॉरमॅटर (कोडची मांडणी आपोआप नीट करणारी साधने) या पायरीवर उपयोगी पडत नाहीत. ज्या फाइलीची रचनाच वाचता येत नाही ती फॉरमॅट करायला ते नकार देतात.

सहावी तपासणी : संपूर्ण फाइलीचे रूपांतर

फाइलभर सरमिसळ असल्याचे सिद्ध झाले, तरच या पायरीवर यावे, आणि मूळ फाइलीची प्रत बाजूला ठेवल्याशिवाय तर मुळीच येऊ नये. व्हिज्युअल स्टुडिओ कोडमध्ये ‘कन्व्हर्ट इंडेंटेशन टू स्पेसेस’, पायचार्ममध्ये ‘कन्व्हर्ट इंडेंट्स’, पायथनसोबत येणाऱ्या आयडलमध्ये ‘अनटॅबिफाय रीजन’ आणि विममध्ये ‘एक्स्पँडटॅब’ लावून ‘रीटॅब’ अशा आज्ञा आहेत. आज्ञा देणे सोपे असते. एक टॅब म्हणजे किती स्पेस, हा प्रश्न मात्र अवघड असतो.

फाइल पायथन 3 साठीच लिहिलेली आणि बहुतांशी टॅबची असेल, तर 4 धरावा. ती पायथन 2 च्या काळातली असेल, तर मात्र थांबून विचार करावा. पायथन 2 सरमिसळ खपवून घेत असे आणि टॅब 8 च्या पटीनेच मोजत असे. अशा फाइलीत एक ओळ 8 स्पेसची आणि तिच्या खालची एका टॅबची असेल, तर जुन्या इंटरप्रिटरच्या लेखी त्या एकाच ब्लॉकमध्ये होत्या. 4 धरून रूपांतर केले, तर खालची ओळ एका पातळीने बाहेर येईल, फाइल बिनतक्रार चालेल आणि आधी अटीच्या आत असलेले काम आता प्रत्येक वेळी होईल. पायथन 2 चा अधिकृत पाठिंबा 1 जानेवारी 2020 रोजी संपला. पण त्या काळातल्या फाइली अजून पुष्कळ ठिकाणी कामात आहेत आणि नव्या आवृत्तीवर नेताना असा अर्थबदल होतो. म्हणून जुन्या सरमिसळीच्या फाइलीसाठी 8 हाच आकडा धरावा. लिनक्सवरची ‘एक्स्पँड’ आज्ञा मुळातच 8 धरते, आणि तिला ‘उणे आय’ हा पर्याय दिला की ती फक्त ओळीच्या सुरुवातीचे टॅब बदलते, मधल्या मजकुरातले टॅब तसेच ठेवते.

तिहेरी अवतरणातल्या बहुओळी मजकुराच्या सुरुवातीचे टॅब मात्र यातूनही सुटत नाहीत. तो मजकूर टॅबने विभागलेला डेटा असेल, तर रूपांतराने डेटाच बदलतो. तेवढे भाग हाताने पूर्ववत करावे लागतात. प्रकल्पाच्या सगळ्या फाइलींवर एकदम आज्ञा चालवण्याचा मोह टाळावा, कारण मेकफाइलला (प्रोग्राम बांधण्याच्या सूचनांच्या फाइलीला) टॅबच लागतो आणि तिथे स्पेस घातल्या की ती मोडते.

ज्या फाइली रूपांतरापूर्वीही चालत होत्या, त्यांच्या बाबतीत अर्थ बदलला नाही हे पायथनच्या ‘एएसटी’ मॉड्यूलने पडताळता येते : दोन्ही प्रतींचा रचनावृक्ष ‘डंप’ करून ते दोन मजकूर सारखे आहेत का, ते पाहावे.

सातवी तपासणी : इंडेंटेशन पूर्ण नाहीसे झालेले असेल तर

संदेशवाहक ॲपमधून किंवा पीडीएफमधून आलेल्या कोडची सगळी सुरुवातीची जागा कधीकधी गळून पडते आणि सगळ्या ओळी डावीकडे चिकटतात. इथे कोणतेही साधन मूळ रचना परत आणू शकत नाही, कारण ब्लॉक कुठे संपतो ही माहिती फक्त त्या मोकळ्या जागेतच होती. कोलननंतर आत जायचे हे कोणीही सांगेल, पण बाहेर कुठे यायचे हे कोडचा हेतू जाणणाराच सांगू शकतो. म्हणून आधी मूळ प्रत मिळते का ते पाहावे : पाठवणाऱ्याकडून फाइल मागवावी, एडिटरचा स्थानिक इतिहास पाहावा, गिटमध्ये (फाइलींच्या जुन्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात) जुनी नोंद असेल तर ती काढावी.

गिटमध्ये फरक पाहताना ‘उणे डब्ल्यू’ हा पर्याय लावू नये. तो मोकळ्या जागेतले बदल लपवतो. इतर अनेक भाषांत ही सोय बरी असते, पण पायथनमध्ये ओळ आत गेली की बाहेर आली हाच मुळात अर्थाचा बदल असतो, आणि तोच डोळ्यांआड जातो.

संदेश न देणारा दोष

आता पाचवे लक्षण. खालच्या तुकड्यात कीवर्ड वाचण्याच्या सोयीसाठी देवनागरीत दिले आहेत. प्रत्यक्ष फाइलीत ते रोमन लिपीतच लिहावे लागतात.

डेफ बेरीज(यादी):
    एकूण = 0
    फॉर रक्कम इन यादी:
        एकूण += रक्कम
        रिटर्न एकूण

या फंक्शनात व्याकरणाचा एकही दोष नाही. पण रिटर्न लूपच्या आत असल्याने पहिल्याच रकमेवर काम संपते, आणि यादीत एकच रक्कम ठेवून चाचणी घेतली, तर उत्तर बरोबरही येते. रिटर्न चार स्पेस बाहेर आणला की दोष जातो.

एल्सच्या बाबतीत हीच गोष्ट अधिक फसवी होते, कारण पायथनमध्ये फॉरलाही स्वतःचा एल्स असतो. लूप ब्रेक न होता पूर्ण झाले, तर तो चालतो. इफच्या सरळ रेषेतला एल्स चुकून फॉरच्या रेषेत गेला, तर तक्रार येत नाही, फक्त तो भाग प्रत्येक फेरीत चालण्याऐवजी शेवटी एकदाच चालतो. वर्गातली एखादी मेथड चार स्पेस आत सरकून आधीच्या मेथडच्या पोटात गेली, तर ‘असा ॲट्रिब्यूट नाही’ अशी तक्रार येते आणि माणूस नावाचे स्पेलिंग तपासत बसतो. विथच्या आत असायला हवी ती लिहिण्याची ओळ बाहेर राहिली, तर ‘बंद फाइलीवर क्रिया’ अशी तक्रार येते. या सगळ्यांचे मूळ इंडेंटेशनमध्येच असते.

पायलिंटसारखे साधन यातले काही पकडते : रिटर्ननंतर कधीच न चालणाऱ्या ओळी आणि ब्रेक नसलेल्या लूपला लावलेला एल्स, हे दोन्ही ते दाखवते. बेरजेच्या उदाहरणातला दोष मात्र त्यात अडकेलच असे नाही. तिथे उपाय जुनाच आहे : प्रत्येक ओळीसमोर ‘ही किती वेळा चालायला हवी’ असा प्रश्न लावून वरून खाली वाचत जाणे, आणि चाचणीसाठी रिकामी, एका नोंदीची व अनेक नोंदींची अशा तीन याद्या देणे.

या दोषाचे खापर पायथनवर फोडण्याची प्रथा आहे, पण महिरपी कंसांच्या भाषाही त्यातून सुटलेल्या नाहीत. फेब्रुवारी 2014 मध्ये उघड झालेल्या ॲपलच्या ‘गोटू फेल’ या सुरक्षा-दोषात सी भाषेतली एक ओळ दोनदा लिहिली गेली होती. दुसरी ओळ आत सरकवलेली असल्याने अटीतलीच वाटत होती. प्रत्यक्षात ती अटीबाहेर होती आणि दर वेळी चालत होती. पायथनकर्त्यांचे याबाबतचे मत जाणून घ्यायचे असेल, तर ‘फ्यूचर’ (नावाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर) मॉड्यूलमधून ‘ब्रेसेस’, म्हणजे महिरपी कंस, इम्पोर्ट करून पाहावे. इंटरप्रिटर ‘नॉट अ चान्स’ असे उत्तर देतो.

पुन्हा उद्भवू नये म्हणून

एडिटरमध्ये टॅबची कळ 4 स्पेस टाकेल अशी निवड करावी, आणि प्रकल्पात एकाहून अधिक माणसे असतील तर प्रकल्पाच्या मूळ फोल्डरमध्ये ‘एडिटरकॉन्फिग’ची फाइल ठेवून पायथन फाइलींसाठी स्पेस आणि 4 असे नमूद करावे. जुना प्रकल्प पूर्णपणे टॅबवर चालत असेल, तर तो तसाच राहू द्यावा. पेप 8 सुद्धा अशा ठिकाणी सुसंगतीसाठी टॅबला हरकत घेत नाही.

कुठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

पहिल्या पाच तपासण्या कोणीही कराव्यात. त्यांत बिघडण्यासारखे फारसे काही नाही. सहाव्या पायरीपासून मात्र पुढील परिस्थितीत हात आवरावा आणि त्या कोडची जबाबदारी असलेल्या अनुभवी प्रोग्रामरला बोलवावे. फाइल पैशांचे व्यवहार, रुग्णांच्या नोंदी किंवा एखादे यंत्र प्रत्यक्ष चालवत असेल आणि तिच्यासाठी चाचण्या लिहिलेल्या नसतील, तर ओळ आत असावी की बाहेर हे अंदाजाने ठरवू नये. पायथन 2 ची सरमिसळ असलेली फाइल नव्या आवृत्तीवर न्यायची असेल आणि तिचा मूळ लेखक उपलब्ध नसेल, तर ते काम स्थलांतराचा अनुभव असणाऱ्याचे आहे. इंडेंटेशन पूर्ण गळून पडले आहे आणि मूळ प्रत कुठेही नाही, अशा वेळी ती दुरुस्ती नसून पुनर्लेखन असते आणि तसेच समजून ते सोपवावे. सदोष फाइल दुसऱ्या प्रोग्रामने किंवा टेम्प्लेटने तयार केली असेल, तर ती हाताने सुधारून उपयोग नाही, कारण पुढच्या वेळी ती पुन्हा तशीच तयार होईल. दोष तयार करणाऱ्याच्या कोडमध्ये शोधायला हवा. आणि एकाच जागी दोन-तीनदा फेरफार करूनही संदेश हटत नसेल, तर आणखी ओळी सरकवण्याऐवजी मूळ प्रत परत आणून थांबावे.

मदत मागताना संपूर्ण त्रुटी-संदेश, पायथनची आवृत्ती, वापरलेला एडिटर आणि आतापर्यंत केलेले बदल कळवावेत. फाइल संदेशात चिकटवून किंवा तिचे छायाचित्र काढून पाठवू नये, कारण ज्या मोकळ्या जागेची तपासणी करायची आहे तीच त्यात बदलते किंवा दिसेनाशी होते. ती झिप करून, कोणत्याही एडिटरमध्ये पुन्हा जतन न करता, जशीच्या तशी पाठवावी आणि रूपांतर केलेले असल्यास रूपांतरापूर्वीची प्रतही सोबत द्यावी.